वजन बरोबर, रिपोर्ट मात्र बिघडलेले: हृदयाबद्दलचं नवं संशोधन तुमच्या कामाचं किती?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडते, म्हणजे पुढचं बोलणं नेमकं होईल. वय ४१, उंची १७० सेंटिमीटर, वजन ६६ किलो. वडील ४९व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. तुमचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १, बीपी १३४/८६. ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट नॉर्मल. डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन प्रकारातली गोळी लिहून दिली आहे, ती तुम्ही अजून सुरू केलेली नाही. प्रश्न असे: मी जाड नाही, मग हे सगळं कशामुळे? गोळी खरंच लागेल का? वजनाच्या नव्या इंजेक्शनने हार्ट अटॅक टळतो असं संशोधन आलंय, ते घेऊ का? रात्रीचं जेवण बंद केलं तर भागेल का? आणि धाकट्या भावाने, १५ वर्षांच्या मुलीने तपासण्या कराव्यात का?

जाडीपासून सुरुवात करू. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.८ येतो. आपल्याकडे २३च्या पुढे वजन जास्त धरतात, म्हणजे कागदावर तुम्ही सुटता. पण तुम्ही कमरेचं माप दिलेलं नाही आणि मला सगळ्यात आधी तेच हवं आहे. पँटचा नंबर सांगू नका. ३४ची पँट घालणारा माणूस टेपवर सर्रास ३७ इंच भरतो, कारण पँट पोटाच्या खाली बसते. शिंप्याकडे असते तशी टेप घ्या, शर्ट वर करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड हाताने चाचपा आणि त्या दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप आडवी धरा. साधा श्वास सोडा, पोट आत ओढू नका, मग आकडा वाचा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही आपली मर्यादा. तुमचे बाकीचे रिपोर्ट बघता तुमचं माप ९०च्या वर निघेल असा माझा अंदाज आहे.

या विषयावरचं सगळ्यात मोलाचं काम पुण्यात झालेलं आहे, आणि ते मराठी घरांत पुरेसं पोचलेलं नाही याची मला खंत वाटते. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या बायकांची बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण मोजमापं घेतल्यावर दिसलं की कमतरता आहे ती स्नायूंची आणि पोटातल्या अवयवांची; त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं प्रमाण जास्त. २००४मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. तुमच्या ‘मी जाड नाही’ या वाक्याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

चरबी साठवायची शरीराची हक्काची जागा म्हणजे त्वचेखाली, मांड्यांवर, नितंबांवर. आपल्याकडे अनेकांची ही जागा मुळात लहान असते. कोठार लहान असलं की जास्तीची पोती ओसरीत, माजघरात, जिथे जागा मिळेल तिथे ठेवावी लागतात. तशी ही चरबी लिव्हरमध्ये, आतड्यांभोवती, स्वादुपिंडात जाऊन बसते. लिव्हरमध्ये चरबी साचली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. रात्रभर साखर सोडत राहतं, म्हणून सकाळची शुगर वाढते. जास्तीची चरबी ते रक्तात ढकलतं, म्हणून ट्रायग्लिसराइड वाढतं. ट्रायग्लिसराइड वाढलं की एचडीएल आपोआप खाली येतं आणि एलडीएलचे कण लहान, दाट होतात. बीपीही याच साखळीत हळूहळू वर सरकतं. म्हणजे तुमच्या रिपोर्टवर ज्या पाच आकड्यांसमोर लाल खूण आहे ते पाच वेगळे आजार नाहीत. अमेरिकेतले जेराल्ड रीव्हन यांनी १९८८मध्येच यांतली बहुतेक लक्षणं एका सूत्रात ओवून दाखवली होती.

याचा दुसरा धागा स्नायूंचा. जेवल्यावर रक्तात आलेली साखर उचलण्याचं सगळ्यात मोठं काम स्नायूंचं. स्नायू कमी असतील, बसून बसून आळसावलेले असतील, तर ती साखर लिव्हरकडे वळते आणि लिव्हर तिची चरबी करून ठेवतं. येल विद्यापीठातल्या जेराल्ड शुलमन यांच्या गटाने हे माणसांवर मोजून दाखवलं आहे, आणि तिथल्या भारतीय वंशाच्या सडपातळ तरुणांमध्ये लिव्हरमधली चरबी जास्त असते हेही. तेव्हा दारू न पिणाऱ्या, तळकट न खाणाऱ्या माणसाला फॅटी लिव्हर कसं झालं, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा भात-पोळी-चहा-बिस्किटांच्या बेरजेत आणि दिवसभराच्या खुर्चीत असतं. (दारू घेत असाल तर मात्र डॉक्टरांना खरं सांगा. शनिवार-रविवारचे दोन-दोन पेगसुद्धा ट्रायग्लिसराइड वाढवायला पुरतात.)

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की सडपातळ माणसातली ही जादा चरबी फार नसते, त्यामुळे फार वजन उतरवावं लागत नाही. न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी बीएमआय २७च्या आत असलेल्या २० मधुमेहींवर छोटा अभ्यास केला. वजन साधारण साडेसहा टक्क्यांनी उतरवल्यावर २०पैकी १४ जणांचा मधुमेह गोळ्यांशिवाय मागे हटला. अभ्यास छोटा आहे, पण त्यांनी लिव्हर आणि स्वादुपिंडातली चरबी उतरताना स्कॅनवर मोजली, म्हणून मी त्याला वजन देते. तुमच्या बाबतीत हे गणित ४ किलोच्या आसपास बसतं.

आता गोळीचा प्रश्न. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

एलडीएल १२८ हा आकडा बघून ‘थोडंसंच तर आहे’ असं वाटणं साहजिक आहे. पण एक छोटी वजाबाकी करा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं की उरतं ते नॉन-एचडीएल. तुमचं एकूण साधारण २०६ असणार, त्यातून ३६ गेले की १७० उरतात. हा आकडा १२८पेक्षा जास्त खरं बोलतो, कारण रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसणारे सगळ्या प्रकारचे कण त्यात येतात. त्याहून नेमकी तपासणी म्हणजे एपोबी. अशा प्रत्येक कणावर एपोबी नावाच्या प्रथिनाचा एक आणि एकच रेणू असतो, म्हणून एपोबी मोजलं की कणांची संख्या मोजल्यासारखं होतं. ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या माणसात कण लहान असल्यामुळे एलडीएल बरं दिसतं आणि कणांची संख्या मात्र जास्त असते. गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या अभ्यासांनी हेच पुन्हा पुन्हा दाखवलंय की दोन्हींत तफावत असेल तेव्हा धोका एपोबीच्या बाजूने झुकतो.

आणि यात काळ फार महत्त्वाचा. २००६मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्स यांनी एक विलक्षण गोष्ट पुढे आणली. काही कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांमध्ये पीसीएसके९ नावाच्या जनुकात जन्मतःच असा बदल असतो की त्यांचं एलडीएल आयुष्यभर २८ टक्के कमी राहतं. १५ वर्षांच्या पाहणीत या लोकांमध्ये हृदयविकार ८८ टक्के कमी आढळला. २८ टक्के कमी कोलेस्टेरॉल आणि ८८ टक्के कमी आजार! उलट स्टॅटिनच्या अभ्यासांत, जिथे माणसं पन्नाशी-साठीत गोळी सुरू करतात आणि पाचेक वर्षं पाहिली जातात, तिथे एलडीएल ३९ अंकांनी उतरलं की हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे मोठ्या घटना साधारण २२ टक्क्यांनी कमी होतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कळतं, एलडीएल किती आहे याइतकंच ते किती वर्षं तसं राहिलं हेही मोजायला हवं. तुमच्या रक्तवाहिन्यांनी हे कण बहुधा विशीपासून सोसले आहेत. वडिलांचा इतिहास जमेस धरला तर ५५पर्यंत वाट बघण्यात मला अजिबात अर्थ दिसत नाही.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४मध्ये खास भारतीयांसाठी कोलेस्टेरॉलची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कमी धोक्याच्या माणसातही एलडीएल १००च्या आत आणि नॉन-एचडीएल १३०च्या आत असावं, जास्त धोका असेल तर अनुक्रमे ७० आणि १००च्या आत, असं त्यात आहे. तुम्ही कोणत्याही रांगेत उभे राहिलात तरी आकडे वर आहेत. रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅमने एलडीएल साधारण ४५ टक्क्यांनी उतरतं, म्हणजे तुमचं सत्तरच्या घरात येईल. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो.

गोळी ड्रॉवरमध्ये का राहिली असेल त्याचाही अंदाज आहे. ‘स्टॅटिनने अंग दुखतं’, ‘शुगर वाढते’ हे दोन निरोप प्रत्येक मोबाइलवर आलेले असतात. अंगदुखीचं बघा: २०२२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १९ अभ्यासांचा एकत्र हिशोब आला. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायू दुखतात असं सांगितलं, आणि औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी. म्हणजे दुखणं खरं असतं, पण दहापैकी नऊहून अधिक वेळा ते गोळीमुळे नसतं. ज्यांना खरोखर त्रास होतो त्यांच्यासाठी डोस कमी करणं, गोळी बदलणं, इझेटिमाइब किंवा बेम्पेडोइक ॲसिड ही कोलेस्टेरॉलची दुसरी औषधं, असे मार्ग आहेत.

शुगरची भीती मात्र अगदीच निराधार नाही. अंगदुखीचा हिशोब मांडणाऱ्या गटानेच २०२४मध्ये दिलेला हिशोब असा: कमी आणि मध्यम मात्रेच्या स्टॅटिनने नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण वर्षाला १.२ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांवर जातं. जास्त मात्रेत वाढ अधिक. बहुतेक करून हे अशांना होतं जे आधीच उंबरठ्यावर आहेत, आणि ६.१ म्हणजे तुम्ही उंबरठ्यावरच आहात. तरीही मी गोळी घ्या म्हणेन. शुगर किंचित वर सरकली तरी टळणाऱ्या हार्ट अटॅकचं पारडं फार जड आहे, आणि शुगर खाली आणण्याची चावी, कमरेचा घेर आणि स्नायू, तुमच्याच हातात आहे. दर सहा महिन्यांनी एचबीएवनसी बघत राहा, एवढं पुरे.

या गोळीचा उगम सांगायचा मोह आवरत नाही. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात हजारो बुरश्या एकामागून एक तपासून पहिलं स्टॅटिन शोधलं. २०२४मध्ये ते वारले. जगात कोट्यवधी घरांत आज वडील जिवंत आहेत त्यात या माणसाचा वाटा आहे.

ट्रायग्लिसराइडबद्दल वेगळा इशारा देते. २१० बघून कोणीतरी तुम्हाला ‘हे उतरवायची वेगळी गोळी’ सुचवेल. २०२२मध्ये पेमाफायब्रेट नावाच्या औषधाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा हजारांवर मधुमेही, ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, म्हणजे जवळजवळ तुमचाच रिपोर्ट. औषधाने ट्रायग्लिसराइड छान उतरलं, २६ टक्क्यांनी. हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे घटना मात्र कमी झाल्या नाहीत. एपोबी तपासलं तर ते उतरलेलं नव्हतंच, उलट थोडं वाढलेलं होतं. एचडीएलच्या बाबतीत तर याहून वाईट घडलं होतं: टॉर्सेट्रॅपिबने एचडीएल भरपूर वाढवलं आणि त्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून २००६मध्ये तो अभ्यास थांबवावा लागला. म्हणून कुठल्याही नव्या औषधाची बातमी वाचताना आकडा किती उतरला यावर थांबू नका. घटना कमी झाल्या का, हे विचारा. ट्रायग्लिसराइड ५००च्या पुढे असेल तर गोष्ट वेगळी, तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो आणि औषध द्यावंच लागतं. २१०ला आधी गोड, मैदा, दारू कमी करा आणि पोट उतरवा. दोन-तीन महिन्यांत आकडा स्वतःच सांगेल.

इंजेक्शनकडे येऊ. तुम्ही वाचलेली बातमी खरी आहे. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये सेमाग्लुटाइड या वजनाच्या इंजेक्शनचा ‘सिलेक्ट’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला: ४१ देश, १७,६०४ माणसं, सरासरी ४० महिन्यांच्या आसपास पाठपुरावा. हृदयाने मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात या तिन्हींची बेरीज खोट्या इंजेक्शनच्या गटात ८ टक्के, औषधाच्या गटात ६.५ टक्के. म्हणजे २० टक्क्यांनी घट, आणि तीही मधुमेह नसलेल्या माणसांत. नंतरच्या विश्लेषणात असंही दिसलं की फायदा नुसत्या उतरलेल्या किलोंवर अवलंबून नव्हता, कमरेचा घेर कमी होण्याशी त्याचा संबंध जास्त होता. हे मोठं काम आहे. वजनाच्या औषधाने हृदय वाचतं हे याआधी कोणी इतक्या ठामपणे दाखवलेलं नव्हतं.

पण त्या अभ्यासात कोणाला घेतलं होतं ते वाचा. वय ४५च्या पुढे, बीएमआय २७ किंवा जास्त, आणि आधी हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार झालेला. तुम्ही या तिन्हींपैकी कशातच बसत नाही. त्यांच्यात सिद्ध झालेला फायदा तुमच्या नावावर लिहिता येत नाही. दुष्परिणामांमुळे, मुख्यतः मळमळ-उलटी-जुलाबामुळे, १६.६ टक्के लोकांनी औषध सोडलं. औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत येतो, हेही दुसऱ्या अभ्यासात दिसलेलं आहे. आणि तुमच्यासारख्या बांध्याच्या माणसाबद्दल मला सगळ्यात मोठी काळजी स्नायूंची वाटते. या इंजेक्शनने उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही चांगला मोठा हिस्सा असतो. ज्याच्याकडे स्नायू मुळातच कमी त्याने ते औषधाने आणखी घालवायचे, हा सौदा मला पटत नाही. भारतातली सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ची, त्यामुळे स्वस्त पर्याय आणि त्यांच्या जाहिराती दोन्ही वाढणार. तुमच्या मोठ्या चुलत्यांना अँजिओप्लास्टी झालेली आहे आणि वजन ९५ किलो आहे असं तुम्ही म्हणाला असतात, तर मी स्वतः होऊन त्यांच्यासाठी हा विषय काढला असता.

मधुमेहासाठी निघालेल्या ‘फ्लोझिन’ गोळ्यांबद्दलही असंच. एम्पाग्लिफ्लोझिनने २०१५मध्ये हृदयविकार असलेल्या मधुमेहींत हृदयाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले, २०१९मध्ये डापाग्लिफ्लोझिनने मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही फायदा दिला. मार्च २०२५मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यावर किंमत इतकी खाली आली की आता पेन्शनवर जगणाऱ्या माणसालाही ती परवडते, आणि यासारखा आनंद मला अलीकडे क्वचित झाला. तुम्हाला आज तिची गरज नाही.

रात्रीच्या जेवणाचं. महाराष्ट्रात दोनदाच जेवायची पद्धत घरोघरी पोचली आहे आणि त्यातून अनेकांचं वजन उतरलेलं मी पाहिलं आहे. पण ते घड्याळामुळे उतरलं की एकूण कमी खाल्ल्यामुळे? चीनमध्ये ग्वांगझौला १३९ जाड माणसांवर वर्षभराचा अभ्यास झाला. सगळ्यांना सारख्याच मोजून कॅलरी दिल्या. निम्म्यांनी त्या सकाळी ८ ते दुपारी ४च्या दरम्यानच खायच्या, निम्म्यांना वेळेचं बंधन नाही. पहिल्यांचं वजन ८ किलोंनी उतरलं, दुसऱ्यांचं ६.३ किलोंनी, हिशोबात हा फरक ठरण्याइतका भरला नाही. उलट बाजूची बातमीही तुम्ही वाचली असेल: मार्च २०२४मध्ये, ‘८ तासांत जेवण उरकणाऱ्यांना हृदयाने मरण्याचा धोका ९१ टक्के जास्त’. ती पाहणी अमेरिकेतल्या २०,००० लोकांना दोन दिवसांचं खाणं विचारून, त्यावरून पुढची अनेक वर्षं ताडून केलेली होती. आजारी माणूस कमी वेळा जेवतो, एकटा माणूस जेवण चुकवतो. असली कारणं त्यातून वेगळी काढता येत नाहीत. त्या बातमीने घाबरू नका आणि उपाशी राहण्यालाही औषध समजू नका. रात्री लवकर आणि हलकं जेवणं तुम्हाला झेपत असेल तर खुशाल करा.

मी वेळेपेक्षा ताटाकडे बघेन. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचा आहाराचा भाग २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांच्या कॅलरींपैकी ६२ टक्के पिठूळ आणि गोड पदार्थांतून येतात, प्रथिनांतून जेमतेम १२. आणि त्यातला माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा निष्कर्ष असा की भाताच्या जागी गहू किंवा ज्वारी-बाजरी-नाचणी आणून, एकूण पिष्ट तेवढंच ठेवून, धोका कमी होताना दिसत नाही. त्यातला थोडा भाग डाळी-कडधान्यं, दूध-दही यांच्या प्रथिनांनी बदलला की दिसतो. म्हणजे ‘भात सोडला, आता चार पोळ्या खातो’ यात काही हाती लागत नाही. चारच्या दोन पोळ्या करा आणि मोकळ्या झालेल्या जागी वाटीभर मटकीची किंवा हुलग्याची घट्ट उसळ घ्या, पातळ आमटी नको. सकाळी पोह्यांत मूठभर मोड घाला किंवा दोन अंडी खा. उपासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी दही, दाणे, राजगिरा. दिवसातले चार चहा आणि त्याबरोबरची खारी-बिस्किटं लिहून काढा. बहुतेकांची गाडी तिथेच अडते. तूप चमचाभर चालेल, पण ‘तूप कितीही खा, कोलेस्टेरॉलचा हृदयाशी संबंध नाही’ हे ऐकू नका. जनुकांच्या, औषधांच्या, लोकसंख्येच्या पाहण्या या तिन्ही वाटांनी येऊन संशोधन एकाच ठिकाणी पोचलं आहे.

व्यायामात तुमच्यासाठी चालण्याइतकंच महत्त्व जोर-बैठकांना आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, रोज जेवणानंतर १०-१५ मिनिटं फेरी, आणि बाकी भरभर चालणं. हे ‘जीवनशैली’ म्हणून बाजूला टाकायचं काम नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६मध्ये दाखवलं की मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांमध्ये खाणं-व्यायाम बदलून मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी होतं, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६मध्ये सुरू झालेला प्रयोग त्याहून बोलका आहे. फक्त सहा वर्षं खाण्या-व्यायामाकडे लक्ष दिलं, आणि ३० वर्षांनी मोजलं तेव्हा त्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना २६ टक्के कमी होत्या. तंबाखू कोणत्याही रूपात असेल, मिश्रीसुद्धा, तर ती आधी सोडा. बाकी सगळं त्यानंतर.

तपासण्यांचं बोलू. तुमची स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आहे याचा अर्थ आज धावताना हृदयाला रक्त पुरतंय, इतकाच. रक्तवाहिनी बऱ्यापैकी अरुंद झाल्याशिवाय ती टेस्ट बिघडत नाही, आणि हार्ट अटॅक पुष्कळदा अर्ध्याहून कमी असलेल्या ब्लॉकेजवरचा पापुद्रा फाटून, तिथे गुठळी होऊन येतो. म्हणून नॉर्मल टेस्ट गोळी टाळायचं कारण होत नाही. एपोबी एकदा करा. लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा कराच: हा एलडीएलचाच चिकट भाऊबंद आहे, प्रमाण जवळजवळ पूर्ण आनुवंशिक, खाण्याने-व्यायामाने बदलत नाही, आणि साधारण चौघा भारतीयांत एकाचा ५० मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या वर असतो. तो वाढलेला निघाला तर एलडीएल आणखी खाली ठेवायचं. त्यावरची खास औषधं सध्या मोठ्या चाचण्यांत आहेत. टीएसएच बघा, कारण थायरॉइड कमी असला तरी एलडीएल वाढतं. लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनही. बीपी घरच्या मशीनवर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं टेकून बसल्यावर मोजून लिहा. गोळी घ्यायची की नाही यावर मन अजूनही ठरत नसेल तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारा कॅल्शियम स्कोअरचा सीटी उपयोगी पडतो: काही निघालं तर प्रश्नच मिटला. शून्य आलं तरी ४१व्या वर्षी, अशा घराण्यात, मी त्यावर विसंबून राहणार नाही. मऊ पापुद्र्यात तेव्हा कॅल्शियम आलेलं नसतं.

आणि हे सगळं चालू असताना कधी छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, दरदरून घाम आला तर ॲसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. तासाभरात जिथे ईसीजी निघेल तिथे पोचा, गाडी स्वतः चालवू नका.

भावाचं उत्तर सरळ आहे. वडिलांना ५५च्या आत अटॅक आला म्हणजे दोघांचा वारसा सारखाच. त्याने लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी), एचबीएवनसी, लायपोप्रोटीन-ए आणि कमरेचं माप या महिन्यातच करावं, तब्येत कितीही उत्तम वाटत असली तरी. मुलीची पहिली लिपिड तपासणी एरवी १८ला सांगतात, पण घरात लहान वयातला हृदयविकार असेल तर त्याआधीच करतात. तुमचं लायपोप्रोटीन-ए जास्त निघालं तर तिचंही त्याच वेळी बघून घ्या. पहिल्या तपासणीला उपाशी पोटी यायची गरज नाही, शाळेतून येतानासुद्धा रक्त देता येईल. ट्रायग्लिसराइड फारच जास्त दिसलं तरच पुन्हा उपाशी करायला सांगतील. तिचं एलडीएल १६०च्या पुढे निघालं तर बालरोगतज्ज्ञांना आजोबांचं वय, ४९, आवर्जून सांगा.